गोव्यातल्या मांद्र्यात आठ महिने: बाजूला टॉरचं बटण असलेला राऊटर

गेल्या नोव्हेंबरात साडेसहा हजाराला घेतला. आज जुलै. बाहेर धो धो पडतोय, सकाळपासून दोनदा लाईट गेली, आणि हे मी त्याच राऊटरवरून लिहितेय. म्हणजे वस्तू टिकली, एवढं आधीच सांगून टाकते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि माझ्या एका नगावरून कुणाला धारेवर धरायचं नाही. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी डबी, दोन अँटेना, सी-टाइपची पिन, आणि कुशीत टॉरचं एक सरकतं बटण. टॉर म्हणजे इंटरनेटवर आपला माग लपवणारी आडवाट, सविस्तर पुढे सांगते. या बटणासाठीच मी ती घेतली होती.

घरामागे आमच्या दोन खोल्या आहेत, ऑक्टोबर ते मार्च पाहुण्यांना देतो. पाहुणा पाणी मागायच्या आधी वायफायचा पासवर्ड मागतो. पूर्वी घरचा आणि त्यांचा एकच होता. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "मामी, उद्या कुणी नको ते डाउनलोड केलं तर आयपी पत्ता, म्हणजे आपल्या नेटच्या जोडणीचा नंबर, मामांच्या नावावर निघेल." झालं, माझी झोप उडाली. परदेशी पाहुणा आला की २४ तासांच्या आत त्याची सरकारी नोंद करणारी, पासपोर्टची प्रत फाइलला लावणारी मी, आणि वायफाय मात्र आओ जाओ घर तुम्हारा! या डबीच्या खोक्यावर छापलं होतं: बटण सरकवा, सगळी जोडणी टॉरमधून, संपूर्ण गुप्तता. मी हिशेब केला की पाहुण्यांचं सगळं टॉरवर टाकायचं, म्हणजे बाहेर पत्ता दिसेल तो परमुलखातला कुणाचा तरी. आमच्या घराचा नाहीच.

सासऱ्यांनी टीव्हीवर डार्क वेबचा एक कार्यक्रम पाहिला होता, काळी टोपी, हिरवी अक्षरं, बंदुका. मी डबी जोडत होते तेव्हा ते दारात उभे. "बाय, पोलीस येवचे नात मगो?" म्हटलं, बाबा, टॉर वापरायला भारतात बंदी नाही. त्यावरून गुन्हा केला तर तो गुन्हा, रस्त्याचं तसंच. त्यांचं समाधान झालं नाही, पण खुर्ची ओढून बसले.

त्यांना मी जसं सांगितलं तसंच इथे सांगते. लेकीच्या पहिल्या चवथीला तिच्या सासरी ओझं पाठवतात ना, तसं समजा. टोपली तीन फडक्यांत एकावर एक बांधायची. पहिला हमाल वरचं फडकं सोडतो, आत फक्त दुसऱ्याचं नाव. तो त्याला टोपली देतो, दुसरा पुढचं फडकं सोडतो, आत तिसऱ्याचं नाव. तिसरा शेवटचं सोडतो आणि लेकीच्या दारात ठेवतो. पहिल्याला माहेर माहीत पण सासर नाही, तिसऱ्याला सासर माहीत पण माहेर नाही, मधल्याला दोन्ही नाही. टॉरमध्ये हे तीन हमाल म्हणजे जगभर स्वयंसेवकांनी चालवलेले तीन संगणक, आणि फडकी म्हणजे एन्क्रिप्शनचे, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याचे थर. एकच गोम आहे: तिसऱ्याच्या हातात टोपली येते तेव्हा तिला स्वतःचं झाकण नसेल, म्हणजे साइटचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत नसेल, तर आत नेवऱ्या किती आहेत ते त्याला दिसतं.

ही कल्पना कुणा गुन्हेगाराची नव्हे, अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतली, १९९०च्या दशकाच्या मध्यातली. मग ती सगळ्यांना मोकळी का केली? तर फक्त नौदलच वापरत असतं, तर या वाटेने येणारा प्रत्येक जण नौदलाचा हे आंधळ्यालाही कळलं असतं. गर्दी असेल तरच गर्दीत लपता येतं. २००६ पासून टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था ते सांभाळते.

आणि डीप वेब, डार्क वेब ही दोन नावं टीव्हीवाले एकाच खलबत्त्यात कुटतात. तुमचा ईमेल, बँकेचं खातं, माझ्या जीएसटीच्या नोंदी, हे सर्च इंजिनला दिसत नाही म्हणून सगळं डीप वेब. त्यात भिण्यासारखं काय आहे? डार्क वेब म्हणजे त्यातला छोटासा कोपरा, जिथे जायला टॉरसारखी खास वाट लागते. तिथले पत्ते .ओनियनने संपतात, त्याआधी ५६ अक्षरं-आकडे, बघूनच डोकं गरगरतं. पण तो पत्ता म्हणजेच त्या साइटच्या कुलपाची सार्वजनिक किल्ली असते, म्हणून मधे दुसरा कुणी तोतया बसू शकत नाही. अर्थात पत्ता मुळात खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेला हवा. बीबीसीने २०१९ मध्ये आपली ओनियन साइट काढली, फेसबुकने त्याआधी, २०१४ मध्ये.

आता बटणाचं काय झालं ते.

पहिल्या दिवशी सरकवलं, दोन-तीन मिनिटांनी हिरवा दिवा लागला, मी खूश. आमचं फायबर १०० एमबीपीएसचं. टॉरवर मोजलं तर कधी ३, कधी ६. पाहुण्यांनी आठवडाभर कळ काढली. मग पुण्याचं एक जोडपं आलं, त्यातला मुलगा इथून ऑफिसचं काम करणार होता. सकाळी नऊला त्याचा व्हिडिओ कॉल लागेना. त्याचाही दोष नव्हता, कंपनीचाही. टीसीपी आणि यूडीपी या नेटवर माहिती पाठवायच्या दोन पद्धती; टॉर टीसीपी नेतं, यूडीपी नेत नाही, आणि बहुतेक व्हिडिओ कॉल यूडीपीवर चालतात. शिवाय गुगल उघडलं की मोटारसायकली ओळखा, झेब्रा क्रॉसिंग ओळखा. त्याने मला सौम्यपणे विचारलं, "काकू, तुमचं नेट परदेशातून येतं का?" खरं तर हो!

त्याहून मोठा घोळ घरातच झाला. एका रात्री पाहुण्यांचं आणि घरचं नेटवर्क मी सेटिंगमध्ये उलटसुलट केलं असणार, कारण ह्यांनी सकाळी बँकेचं खातं उघडायला घेतलं आणि मोबाइलवर मेसेज आला: रोमानियातून प्रवेशाचा प्रयत्न, खातं २४ तास बंद. आमच्याकडे त्या दिवशी गवंड्याचे पैसे द्यायचे होते. ह्यांनी मला काही म्हटलं नाही, फक्त गवंड्याला माझ्याकडे पाठवलं. बँकेची चूक म्हणवत नाही, आपलं खातं रोमानियातून उघडतंय म्हटल्यावर कुणीही कडी लावेल.

जानेवारीत एक रशियन बाई सहा आठवडे राहिली. तिला मी कौतुकाने बटण दाखवलं, तर ती हसलीच. तिच्या देशात टॉरची साइट २०२१च्या डिसेंबरात बंद केली, बीबीसी २०२२च्या मार्चमध्ये, त्यामुळे तिच्यासाठी हे खेळणं नव्हे. तिने लॅपटॉपवर टॉर ब्राउझर उघडून दाखवला, फुकटचा, कुठलीही डबी नको. रशियात असताना ती स्नोफ्लेक नावाची आडवाट लावते, तिच्यात जोडणी बाहेरून व्हिडिओ कॉलसारखी दिसते. खिडकी मोठी केली तर कडेला राखाडी पट्टे आले, मला वाटलं स्क्रीन बिघडली. ते मुद्दाम असतं. सगळ्यांच्या खिडक्या ठरावीक मापांच्या, म्हणजे मापावरून माणूस ओळखता येत नाही. बंद केला की कुकीज, म्हणजे साइटांनी ओळखीसाठी ठेवलेल्या खुणा, साफ, आणि प्रत्येक साइटचा खण वेगळा ठेवलेला, एकीचं दुसरीला कळत नाही.

मग तिने माझाच फोन हातात घेतला. राऊटरवर टॉर चालू, आणि फोनवर माझ्या नंबरचं व्हॉट्सअ‍ॅप, माझ्या नावाचं जीमेल, माझे जुने कुकीज. डबी फक्त वाट बदलते. त्या वाटेवरून मी प्रत्येक दारात जाऊन माझं नाव ओरडत होते. खोक्यावरच्या 'संपूर्ण गुप्तते'चा फुगा तिथेच फुटला.

भाच्याला हे सांगितलं तर त्याने सिल्क रोडचं उदाहरण दिलं. टॉरवरचा अमली पदार्थांचा तो बाजार २०११ मध्ये निघाला, २०१३च्या ऑक्टोबरात एफबीआयने बंद केला. चालवणारा रॉस उलब्रिख्ट हाती लागला त्यात मोठा वाटा उघड्या इंटरनेटवरच्या त्याच्याच जुन्या लिखाणाचा, जिथे त्याने स्वतःच्या नावाचा ईमेल पत्ता देऊन ठेवला होता. पकडला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक वाचनालयात, लॅपटॉप उघडा असताना.

तर फेब्रुवारीपासून बटण बंद आहे. पाहुण्यांसाठी आता वेगळं नेटवर्क, घरच्या संगणकांपासून तोडलेलं, पासवर्ड दर पाहुण्याला नवा, आणि कुणाला कधी दिला ते वहीत. आयपीची माझी मूळ काळजी या वहीनेच जास्त मिटली. टॉर ब्राउझर माझ्या लॅपटॉपवर आहे. दुखण्याखुपण्याचं काही शोधायचं असेल तर त्यात शोधते, नाहीतर पुढे पंधरा दिवस त्याच औषधाच्या जाहिराती.

राऊटर म्हणून मात्र डबी गुणी निघाली. आमच्या भिंती चिऱ्याच्या, दीड फूट जाड. वायफायचा पाच गिगाहर्ट्झचा पट्टा एका भिंतीतच मान टाकतो, २.४चा मागच्या खोलीपर्यंत रडतखडत पोचतो. मी ती बाल्कांवच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या खिडकीत, दाराच्या रेषेत ठेवली, तेव्हा कुठे दोन्ही खोल्यांत नीट आलं. लाईट गेली की १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर सहा तास सहज चालते. पण फायबरचा डबा १२ व्होल्टचा, तो लाईटबरोबर झोपतो, हे मला पहिल्या वादळात कळलं. आता फोन केबलने राऊटरला जोडते, फोनचं नेट सगळ्या घराला.

तक्रारी दोन. मार्चमधल्या अपडेटने माझी सगळी सेटिंगं पुसली. ग्राहक सेवेने चार दिवसांनी उत्तर दिलं, की रीसेट करून बघा. अहो, पुसलंच आहे सगळं, आणखी काय रीसेट करू? दुसरी पिनची. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. मे महिन्यात पिनवर हिरवट बुरा चढला आणि डबी आपोआप बंद-चालू व्हायला लागली. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं की आठवडाभर बरी. पापडाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवून पाहिली, तर एवढी तापली की पापड भाजून निघाले असते.

शेवटी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दीडशेला वाकड्या तोंडाची केबल आणली. ती जूनपासून घट्ट बसलीय. दुसरी एक घेऊन पुड्यांसकट पापडांच्याच डब्यात टाकलीय, कारण अजून श्रावण जायचाय. बटणावर मी चिकटपट्टी लावलीय. बाबा रोज सकाळी चहा घेताना ती सुटली नाही ना, ते बघून जातात.