सात महिने, नऊ निबा आणि भिंतीवरचं एक मांजर: स्क्रीनवाल्या ड्रॉइंग टॅब्लेटचा अनुभव

बॉक्समध्ये दहा सुट्या निबा, म्हणजे पेनाची झिजणारी टोकं, येतात. त्यातली नववी आज सकाळी बसवली. टॅब्लेट घेऊन फक्त सात महिने झालेत.

स्पेसिफिकेशन सगळीकडे छापलेली आहेत, ती इथे परत उतरवत नाही. सोळा इंच, फुल एचडी, बिनबॅटरीचं पेन, 8192 प्रेशर लेव्हल (पेनावरचा दाब ओळखायच्या पायऱ्या). त्या 8192 ला भुलू नका. माझ्या जुन्या बिनस्क्रीनच्या पॅडला (रेघ पॅडवर मारायची, दिसते मॉनिटरवर) 2048 आहेत आणि माझ्या हाताला त्यातला फरक आजवर कळलेला नाही. पेन किती हलक्या स्पर्शाला रेघ उठवतं, ते मात्र घेण्याआधी बघा.

घेतला एका कामासाठी. बारा सेकंदांचा शॉट: तिन्हीसांज उलटून गेलीय, कंपाउंडच्या भिंतीवरून मांजर चालत जातं आणि कॅमेरा त्याच्यासोबत सरकतो. मांजर दुसऱ्याकडे, बॅकग्राउंड माझ्याकडे. थेट स्क्रीनवर रंगवायला मिळालं की काम निम्म्या वेळात उरकेल, असा माझा हिशोब. सेकंदाला 24 प्रमाणे 288 फ्रेम होतात. तेवढ्यात भिंतीचा लेयर (चित्राचा वेगळा थर) 1920 पिक्सेल सरकतो, म्हणजे फ्रेममागे साडेसहाच्या थोडं वर. मागची घरं एक तृतीयांश वेगानं सरकतात, त्यामुळे फ्रेमची 1920 रुंदी आणि सरकायला 640, अशी त्यांची पट्टी 2560 रुंद असली तरी भागतं. पुढची झुडपं दीडपट पळतात, त्यांना 4800 हवेत. हे गणित ब्रश धरायच्या आधी करायचं असतं. मी नंतर केलं, त्यामुळे कॅमेऱ्यात कधीच न येणारी दोन घरं खिडक्यांच्या पडद्यांसकट रंगवून बसले होते.

आता निब. झुडपं रंगवायची म्हणजे टेकव-उचल, टेकव-उचल, तासन्‌तास. स्क्रीनवरची मॅट फिल्म म्हणजे निव्वळ पॉलिशपेपर. पंधरा दिवसांत निब एका बाजूनं घासून छिन्नीसारखी झाली. त्या धारेनं फिल्मवर ओरखडे पडले, आणि ओरखड्यांवर पुढची निब आणखी लवकर झिजली. मग मी दर दोन दिवसांनी निब काढून थोडी फिरवून बसवायला लागले, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखी तरी झिजेल. निब ओढायच्या त्या छोट्या कडीनं बोटाला घट्टा पडला. तरी पहिल्या महिन्यात तीन गेल्या. आमच्या घरात पेन्सिलीसुद्धा एवढ्या खपत नाहीत.

कंपनीला शिव्या घालून झाल्या आणि मग निम्मा दोष माझाच निघाला. रेघ जाड यावी म्हणून मी पेन खिळा ठोकल्यासारखं दाबत होते. क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये प्रेशरचा कर्व्ह असतो, म्हणजे किती दाबलं की किती जाड रेघ याचा आलेख. तो सुरुवातीलाच वर उचलला तर हलक्या हातानंही पूर्ण जाडी मिळते. त्यानंतरच्या चार महिन्यांत मिळून तीनच निबा गेल्या. तेव्हा हे लिहिलं असतं तर पाचापैकी साडेचार तारे दिले असते.

पाचवा महिना संपता संपता पोर्ट ढिला झाला. केबल जरा हलली की स्क्रीन काळी. सर्व्हिसवाले आधी म्हणाले केबल खराब आहे, नवीन घ्या. मग म्हणाले व्हिडिओ पाठवा. मग दुसऱ्या बाजूनं व्हिडिओ पाठवा. मग मूळ खोका आहे का? आहे. मी खोके टाकत नाही. यावर ते दोन दिवस गप्प, आणि मग मेल आला की हे ‘फिजिकल डॅमेज’मध्ये मोडतं. सहा मेल झाल्यावर वॉरंटीत घेतलं. टॅब्लेट तेवीस दिवस तिकडे.

काम थांबणार नव्हतं, म्हणून माळ्यावरून जुना पॅड काढला. पहिल्याच संध्याकाळी मॉनिटरवर आभाळ उघडलं आणि त्यात पट्टे! फिल्मच्या धुरकट चमकेत ते मला इतके महिने दिसलेच नव्हते. आभाळ अंधारं, वरून खाली 18 पासून 40 पर्यंत उजळत जाणारं (0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा). 8-बिटमध्ये, म्हणजे उजेडाच्या एकूण 256 पायऱ्यांत, एवढ्यात 22 पायऱ्या बसतात. 1200 पिक्सेल उंचीत वाटल्या की एकेक पट्टा पन्नासेक पिक्सेलचा. नुसतं 16-बिट करून, म्हणजे पायऱ्या आणखी बारीक करून, भागत नाही, कारण माझा व्हिडिओ शेवटी 8-बिटच निघणार होता. वरून अगदी बारीक ठिपक्यांचा दाणा शिंपडला तेव्हा पट्टे विरले.

दुसरी गोष्ट जास्त लागली. स्क्रीनवर रंगवताना नाक चित्रात असतं आणि निम्मी फ्रेम स्वतःच्याच हाताखाली झाकलेली. पॅडवर हात खाली, मान वर, अख्खी फ्रेम समोर. सगळ्यात वर राखाडी लेयर ‘कलर’ मोडमध्ये टाकून रंग काढून पाहिलं, तर मांजर गायब. मागच्या घरांच्या खिडक्यांच्या चौकटी मी त्याच्या कानांइतक्याच गडद आणि तितक्याच टोकदार काढल्या होत्या. मांजर एकेका खिडकीपुढून गेलं की त्याला नवीन कान फुटत होते. तीन आठवड्यांचं कौतुकाचं काम एका मोठ्या मऊ ब्रशनं अर्ध्या तासात फिकं केलं, आणि तेव्हा कुठे मांजर दिसलं. शॉट पुरा झाला तो जुन्या पॅडवरच.

मग टॅब्लेट काही कामाचा नाही का? तसंही नाही. ज्याला पात्रांच्या रेघा मारायच्या आहेत त्यानं डोळे मिटून घ्यावा. जिथे पेन टेकतं तिथेच रेघ उमटते, हे सुख पॅडवर नाही. पोर्टही आता पक्का बसलाय. मी मात्र बॅकग्राउंडसाठी परत त्यावर जाणार नाही, फार तर कच्चं रेखाटन करीन.

आणि हो, सर्व्हिसवाल्यांनी न विचारता फिल्म बदलून दिली. नवी कोरी आणि आधीच्यापेक्षा खरखरीत. सहा आठवड्यांत तीन निबा तिनं खाल्ल्या, कर्व्ह उचललेला असूनही. जुन्या पॅडला चार वर्षांत तिसरी निब चालू आहे. माझी जुनी फिल्म परत मिळेल का, असं मेल करून विचारलंय. ओरखड्यांसकट चालेल, निदान घासून गुळगुळीत तरी झाली होती. अजून उत्तर नाही.