पार्क चांगलं आहे, पण जिन्यावरच्या मुलाच्या पाठीशी कुणी नाही

मे महिन्यातल्या एका शनिवारी लेक, जावई, दोन नातवंडं, आमची ही आणि मी असे सहा जण पुण्याजवळच्या एका वॉटर पार्कला गेलो होतो. पार्कचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर पहिली विचारणा उंच स्लाइडच्या जिन्यावर ड्यूटीला असलेल्या त्या मुलाकडेच होईल, आणि त्याचं काहीही चुकलेलं नाही.

बाकीचं आधी सांगून टाकतो. पाणी स्वच्छ होतं. बायकांकडची न्हाणीघरं दिवसभर धुतली जात होती, असं ही म्हणाली. लॉकरचं डिपॉझिट संध्याकाळी कटकट न करता परत मिळालं. मिसळ बरी, पाव मात्र शिळे. पार्किंगला सावली नाही. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण हिच्या मधुमेहाच्या गोळ्या आणि डब्यातल्या दोन दशम्या पाहून गेटवरच्या मुलीने स्वतःच "असू द्या आजी" म्हटलं. तीच मुलगी शेजारच्या रांगेत एका गृहस्थांना तिसऱ्यांदा समजावत होती की जीन्स घालून पाण्यात का जायचं नाही: सुती कापड पाणी पिऊन जड होतं, त्याचे धागे फिल्टरमध्ये जातात, चेनने आणि बटणांनी स्लाइडला ओरखडे पडतात आणि मागून येणाऱ्याची पाठ सोलते. तिसऱ्यांदा सांगतानाही तिचा आवाज पहिल्या वेळेइतकाच होता. हे किती अवघड आहे ते मला ठाऊक आहे.

मी कंडक्टर होतो. पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेत लागलो, २००७ ला पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली, तिथून निवृत्त झालो. सुट्ट्या पैशांवरून, हाफ तिकिटावरून, "स्टॉप नसला तरी इथेच थांबव" यावरून रोज कुणी ना कुणी अंगावर यायचं. त्यामुळे कुठेही गेलो तरी माझी नजर आधी तिथल्या माणसांकडे जाते.

उंच स्लाइडच्या जिन्याला सत्तरेक पायऱ्या आहेत. आमचा थोरला नातू आणि मी रांगेत अर्धा तास उभे होतो. वर पोचल्यावर फळीवर चार फुटांची लाल रेघ, आणि नातू दोन बोटं कमी. तिथे एकच मुलगा होता, विशीतला, गळ्यात शिट्टी, पायात ओल्या सपाता. तो नातवासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "दोन बोटं राहिलीत फक्त. पुढच्या उन्हाळ्यात ये, मीच तुला सोडतो." नातू रडला, पण ऐकलं त्याने. आम्ही कडेला उभं राहून जरा दम घेत होतो, म्हणून पुढचं सगळं पाहायला मिळालं.

तो मुलगा काम कसं करत होता ते सांगतो. खालच्या टाकीतून माणूस बाहेर पडला की खालचा गार्ड शिट्टी मारायचा आणि हात वर करायचा. तो हात दिसल्याशिवाय वरचा मुलगा कुणाला सोडत नव्हता. आमच्याकडे जशी डबल बेल, तसंच. एक बेल मारली की गाडी थांबते, दोन मारल्या की निघते, आणि शेवटच्या माणसाचा पाय पायरीवरून आत आल्याशिवाय दुसरी बेल मारायची नाही. मागून लोक कितीही ओरडले तरी नाही. प्रत्येकाचे पाय तो स्वतः जुळवून घेत होता, हात छातीवर घ्यायला सांगत होता. डोकं पुढे करून किंवा साखळी करून जाणाऱ्यांना परत उठवत होता, कारण खाली पहिला अजून टाकीतच असला तर दुसऱ्याच्या टाचा थेट त्याच्या मानेवर येतात.

आमच्या मागून एक गृहस्थ आले, बरोबर सहा-सात वर्षांचा मुलगा. तोही रेघेखाली. शिट्टीवाल्या मुलाने तेच सांगितलं, त्याच शब्दांत. गृहस्थ म्हणाले, "पूर्ण तिकीट घेतलंय." मग, "मी मांडीवर घेतो त्याला." मग, "तू कोण रे मला शिकवणारा? तुझा साहेब कोण?" मुलगा एवढंच म्हणाला, "दादा, तुम्ही जा, बाळाला मी इथे सांभाळतो." त्यावर त्यांनी त्याला दोन्ही हातांनी ढकललं. ओल्या फळीवर त्याची सपाता सरकली, गुडघा कठड्यावर आदळला. तो पडला असता तर मागे तीन मजल्यांचा जिना होता.

उठल्यावर त्याने पहिलं काम कोणतं केलं, तर स्लाइडच्या तोंडाची साखळी लावली. दोन लहान शिट्ट्या मारून खालच्या गार्डला थांबायची खूण केली. मग साखळीसमोर उभा राहिला. शिवी नाही, हात उचलणं नाही. त्याचे हात थरथरत होते, ते त्याने पाठीमागे घेतले.

मला सगळ्यात जास्त लागलं ते रांगेचं. "सोड ना रे, एका पोराने काय होतंय," "आमचा वेळ घालवतोय," असं लोक त्यालाच बोलायला लागले. बसमध्येही हेच व्हायचं. भांडण काढणारा एक असायचा, पण गाडी थांबली की उरलेले पन्नास जण कंडक्टरवर चिडायचे, कारण घरी जायचा उशीर त्यांना त्याच्यामुळे झाल्यासारखा वाटायचा. एकदा स्वारगेटच्या अलीकडे दोन रुपये सुट्टे नव्हते म्हणून एकाने माझी कॉलर धरली होती. शर्टाचं वरचं बटण तुटून बाकाखाली गेलं. गाडीत कुणी एक शब्द बोललं नाही. आमच्या ड्रायव्हरने मात्र कुणाला न विचारता गाडी थेट पोलीस चौकीसमोर नेऊन उभी केली. संध्याकाळी डेपोतले साहेब स्वतः माझ्याशेजारी बाकावर बसून जबाब होईपर्यंत थांबले. त्या दिवशीचा मार मी विसरलो असेन, पण साहेब बाकावर बसले होते हे विसरलेलो नाही.

म्हणून मी त्या रांगेत मोठ्याने बोललो. माझाच नातू रेघेखाली आहे, मीही परत चाललोय, याचं काय चुकलं, असं विचारलं. दोन बाया माझ्या बाजूने बोलल्या. गृहस्थ खाली गेले, जाताना "तुझी नोकरी घालवतो" म्हणाले.

दहा मिनिटांत सुपरवायझर वर आला, त्या गृहस्थांना घेऊनच. त्याने मुलाला सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावलं. आणि त्या कुटुंबाला जेवणाची कुपनं दिली. नियम मात्र मोडला नाही, पोराला स्लाइडवर सोडलं नाही, तेवढं मान्य करतो. मुलगा सॉरी म्हणाला आणि साखळी काढून पुढच्या मुलीचे पाय जुळवायला बसला. गुडघा तोवर सुजला होता.

याच पार्कमध्ये दुपारी उलटंही पाहिलं. लाटांच्या तलावात चार-पाच तरुण दारू पिऊन उतरले होते, एकमेकांच्या खांद्यावर चढत होते, पोरींच्या अंगावर पाणी मारत होते. उंच खुर्चीवर एक मुलगी लाइफगार्ड होती. तिने एक लांब शिट्टी मारली आणि लाटाच बंद करायला लावल्या. अख्खा तलाव सपाट झाला. लाट आली की पायाखालची जमीन सुटते, त्यात दारू प्यालेला घसरला तर गर्दीत तळाशी कोण आहे ते वरून दिसत नाही, म्हणून हेच बरोबर होतं. अर्ध्या मिनिटात दोन गार्ड तिच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले. त्यातला वयस्कर गार्ड दंगा करणाऱ्याशी बोललाच नाही. त्यांच्यात जो सगळ्यात गप्प होता त्याच्याशी हळू आवाजात बोलला, आणि त्यानेच दोस्तांना बाहेर काढलं. आम्ही रात्रीच्या शेवटच्या फेरीला हेच करायचो. प्यालेल्याच्या नादी लागायचं नाही, त्याचा शुद्धीवरचा सोबती शोधायचा.

म्हणजे या पार्कला कसं वागायचं ते येतं. जिन्यावर एकट्या मुलाला ठेवलं, तिथे चुकलं.

निघण्याआधी मी ऑफिसात गेलो. मॅनेजर सभ्य माणूस होता, पाणी दिलं. मी म्हटलं, उंची वर सत्तर पायऱ्या चढल्यावर का मोजता? गेटवर तिकिटासाठी मोजताच, तिथेच मनगटाला रंगीत पट्टी बांधा. तिकिटाच्या खिडकीवर आईबापांना मूल बुटकं हवं असतं आणि जिन्यावर उंच हवं असतं. एकदाच मोजलं की वाद तिथेच संपतो, आणि उन्हात अर्धा तास थांबून आलेल्या माणसाचा राग वरच्या मुलावर निघत नाही. वर दोघं ठेवा, एकाच्या हातात वॉकीटॉकी द्या. आणि धक्का मारणाऱ्याला कुपनं देऊ नका.

ते म्हणाले, "काका, गेस्ट आहेत ते. एक वाईट रिव्ह्यू आला की आम्हाला वरून विचारतात."

मी त्यांना कायद्याचंही सांगितलं. आमच्यावर हात टाकला की पोलीस जुन्या दंड संहितेचं ३५३ लावायचे, सरकारी कामात अडथळा. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम १३२ झालं. डॉक्टर-नर्सवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० चा वेगळा कायदा आहे. खासगी पार्कातल्या या मुलाला यातलं काहीच लागू नाही. त्याच्यासाठी उरतात साधी कलमं: दुखापतीचं ११५, धमकीचं ३५१, अपमान करून चिथावण्याचं ३५२. ती लावायची तर कुणीतरी ११२ ला फोन करावा लागतो, सीसीटीव्हीचं चित्रण काढून द्यावं लागतं, त्याच्याबरोबर चौकीत बसावं लागतं. हंगामापुरत्या रोजंदारीवर आलेला पोरगा हे एकटा करणार नाही. ते मालकानेच करायचं असतं.

पाण्याला, स्वच्छतेला आणि तिथल्या मुलामुलींना माझ्याकडून पाचपैकी पाच. व्यवस्थापनाला दोन, तेही नियम मोडला नाही म्हणून.

घरी आल्यावर मी पार्कच्या ईमेलवर त्या मुलाचं कौतुक लिहून पाठवलं: तारीख, वेळ, कोणती स्लाइड, त्याने साखळी कशी लावली, सगळं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, "आमच्या कर्मचाऱ्यामुळे आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, योग्य ती कारवाई करण्यात येईल." मी तक्रार केलीच नव्हती. म्हणून काल तेच पत्र पुन्हा लिहिलंय, हाताने, वर मोठ्या अक्षरांत "प्रशंसापत्र" असं लिहून, आणि स्पीड पोस्टाने धाडलंय. पोचपावतीची वाट पाहतोय.