ए रेकॉर्ड की सीनेम, कुठे काय टाकायचं?

भाऊ, मागच्या महिन्यात रावेरच्या एका केळीवाल्याची साइट नव्या सर्व्हरवर हलवली, तेव्हा डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, नोंदी भरताना परत हाच प्रश्न आला. ए रेकॉर्डमध्ये नावापुढे सरळ आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता लिहायचा, १९२.०.२.१० असा, झालं. सीनेममध्ये (CNAME) आयपी नसतोच, ते फक्त सांगतं की हे नाव म्हणजे खरं ते दुसरं नाव आहे, तिकडे विचारा.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी मी सीनेमच टाकतो, कारण उद्या आयपी बदलला तर एकाच जागी हात लावायचा. पण मूळ डोमेनवर, म्हणजे पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या नुसत्या नावावर, ते चालत नाही. तिथे एसओए (डोमेनची मूळ माहिती) आणि एनएस (डोमेनची उत्तरं कोणता सर्व्हर देतो ते) हे रेकॉर्ड असतातच आणि १९८७ च्या आरएफसी १०३४ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजापासून नियम आहे की सीनेम असेल त्या नावावर दुसरा रेकॉर्ड ठेवायचा नाही, शिवाय मेल कुठल्या सर्व्हरकडे पोचवायची ते सांगणारा एमएक्स रेकॉर्डही बहुतेक तिथंच असतो, म्हणजे तिथे सीनेम टाकला तर दिल्लीच्या व्यापाऱ्याची मेलवर ऑर्डर यायची ती अडकली समजा. तिथे ए रेकॉर्डच. एमएक्ससुद्धा सीनेमकडे वळवायचा नाही.

सीनेमची आणखी एक भानगड म्हणजे झोन फाइलमध्ये (डोमेनचे सगळे रेकॉर्ड असलेली फाइल) पूर्ण नावाच्या शेवटी टिंब लागतं, मी ते विसरलो तर बाइंडने (डीएनएस चालवणारं सॉफ्टवेअर) मागे परत डोमेन चिकटवलं आणि नाव डबल झालं, केळी ट्रकमध्ये भरणं सुरू होतं आणि मी भुसावळला बसून एक टिंब शोधत होतो!

टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवायचं तो आकडा, मात्र दोघांचा सारखाच बघायचा, साइट हलवायच्या आदल्या दिवशीच ८६४०० वरून ३०० करून ठेवा.