दुबईत मुलं, बाबागाडी आणि नोल कार्ड : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दुबईत मुलांबरोबर फिरताना दिवस बिघडतो तो लांबच्या अंतरामुळे नाही. मेट्रोत तासभर मुलं खिडकीला नाक लावून बसतात, नाहीतर सरळ झोपतात. दिवस बिघडतो तो दोन एसींच्या मधल्या आठशे मीटरमध्ये. २०१० साली १९ लाखांच्या आसपास वस्ती असलेलं हे शहर २०२४ अखेर ३८ लाखांच्या पुढे गेलं, आणि वाढलं ते गाडीच्या हिशेबानं. नकाशावर हॉटेल स्टेशनाला चिकटलेलं दिसतं, प्रत्यक्षात मध्ये शेख झायेद रोडचे बारा पदर असतात. भलत्या जागी रस्ता ओलांडला तर दंड होतो. म्हणून स्टेशनाच्या नावापेक्षा एक्झिट नंबर आधी बघावा. स्टेशनाच्या दोन्ही बाजूंना जोडणारे पूल बंदिस्त आणि एसी आहेत, लिफ्ट आहेत. चुकीच्या बाजूला उतरलात तर खाली उन्हात शोधत बसू नका, परत वर जाऊन पुलावरून या.

आता नोल, म्हणजे मेट्रो आणि बसच्या प्रवासाचं कार्ड. सिल्व्हर नोल कार्ड २५ दिरहमला मिळतं, त्यातले १९ दिरहम प्रवासाला वापरता येतात. भाड्यासाठी शहराचे झोन पाडलेत: एका झोनमध्ये ३, शेजारच्या झोनपर्यंत ५, त्यापुढे साडेसात दिरहम. पाच वर्षांखालच्या किंवा ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट नाही. पाचच्या पुढच्या प्रत्येक मुलाला स्वतंत्र कार्ड लागतं. नव्यानं आलेल्या कुटुंबांची सगळ्यात मोठी गडबड इथेच होते. एकच कार्ड चौघांसाठी टेकवायला जातात, पण कार्डावर एका वेळी एकाच माणसाचा प्रवास उघडतो, त्यामुळे मागचे सगळे गेटच्या अलीकडे अडकतात. विद्यार्थ्यांची निम्म्या दराची सवलत फोटो असलेल्या ब्लू कार्डावर मिळते. चार दिवसांच्या पाहुण्यांनी त्या फंदात पडू नये.

दोन दिरहमचं लाल कागदी तिकीट स्वस्त वाटतं, पण त्यावर भाडं जास्त पडतं आणि एका प्रकारचंच वाहन चालतं. मेट्रोसाठी भरलं तर बसला उपयोग नाही. सिल्व्हरवर मात्र मेट्रोतून उतरून ३० मिनिटांच्या आत बस पकडली तर तो एकच प्रवास धरला जातो. मुलांची शू-शी आणि पाणी यात ही ३० मिनिटं भुर्रकन जातात, तेवढं लक्षात ठेवा. बसमधून उतरताना कार्ड टेकवायला विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं, आणि मूल कडेवर झोपलेलं असलं की नेमकं हेच राहून जातं. कार्ड गळ्यात अडकवायच्या पाकिटात ठेवावं.

बाबागाडी हलकी, एका हाताने मिटणारी घ्यावी. मेट्रोला रुंद गेटमधून उघडीच जाते, बसमध्ये गर्दी असली तर मिटावी लागते. महिला आणि मुलांसाठी राखीव डबा आहे. फलाटावर त्याच्या खुणा असतात. मुलांबरोबर असला तरी बाबांनी त्यात चढू नये, १०० दिरहम दंड आहे. तेवढाच दंड मेट्रोत खाण्यापिण्याला आहे आणि बिस्किटाचा पुडाही त्यात येतो. मुलांना फलाटावर यायच्या आधीच भरवून घ्या. संध्याकाळी पाच ते आठ बाबागाडी घेऊन मेट्रोच्या रेड लाईनवर न जाणंच बरं. रविवारी मेट्रो सकाळी आठला सुरू होते.

उन्हाळ्यात एक हिशेब कामी येतो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन या वेळात उघड्यावर मजुरांना काम देण्यास सरकारची बंदी असते. जे ऊन कामगारांना नको, ते तीन वर्षांच्या मुलालाही नको. बाबागाडी दहा मिनिटं उन्हात राहिली तरी पट्ट्याची धातूची कडी मांडीला चटका देते, म्हणून आत बसवण्याआधी कडीवर ओला रुमाल दाबायचा. उलट मॉल आणि मेट्रोत इतका गारवा की घामेजलेलं मूल अर्ध्या तासात शिंकायला लागतं. पातळ सुती फुल बाह्यांचा शर्ट पिशवीत कायम असावा.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी शक्य असेल तर दिवाळीची सुट्टी धरावी. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि मिरॅकल गार्डन ही फुलांची बाग आणि ग्लोबल व्हिलेज हा मेळा यांचा हंगाम संपत आलेला किंवा संपलेला असतो. आणखी एक गोष्ट म्हणजे दीड तासाचा फरक. घरी सातला उठणारं मूल इथे साडेपाचला टक्क जागं. त्याचा फायदा घ्या, समुद्रकिनारा सकाळीच उरका. पण तेच मूल संध्याकाळी साडेसातला पेंगतं, म्हणून दुबई मॉलसमोरची कारंजी संध्याकाळच्या पहिल्या खेळाला गाठावीत. मेट्रो स्टेशनापासून मॉलपर्यंतचा बंदिस्त पूल आठशे मीटरच्या वर आहे. सरकते पट्टे असले तरी मुलांबरोबर वीस मिनिटं धरा.

टॅक्सीत लहान मुलांची सीट सहसा नसते, आणि कायद्याने चार वर्षांपर्यंत ती सक्तीची आहे. काही अॅपवर सीट असलेली गाडी निवडता येते, ती आधी बुक करावी.

या सगळ्यात पैसे वसूल करणारी सवारी कोणती, तर खाडीतली अब्रा. खाडीच्या या काठावरच्या बर दुबईहून त्या काठावरच्या देराला, रोख १ दिरहम. मेट्रोच्या ग्रीन लाईनच्या अल घुबैबा स्टेशनावरून चालत जाता येतं. लाकडी होडी, मधोमध उंच बाक, दोन्हीकडे पाठीला पाठ लावून बसायचं आणि पाय पाण्याच्या बाजूला. कठडा नाही. बाबागाडी धक्क्यावरच मिटा, मुलाला बाकावर न ठेवता मांडीत घ्या आणि होडी पूर्ण टेकल्याशिवाय उठू नका, कारण धक्क्याला लागताना ती दणका देते. होडीवाला मधल्या खड्ड्यात बसून सुकाणू धरतो, मुलांचे डोळे त्याच्यावरून हटत नाहीत. परत आल्यावर पायी अल फहिदीच्या जुन्या गल्ल्यांमध्ये जा. तिथल्या घरांवर बारजील, म्हणजे वाऱ्याचे मनोरे आहेत. चारही बाजूंनी उघडा मनोरा वारा पकडून खाली खोलीत सोडतो. उघड्या असलेल्या एखाद्या घरात मुलाला बरोबर मनोऱ्याखाली उभं करा आणि वर बघायला सांगा. वारा असेल तर त्याचे केस हलतात.