शाळेसाठी माती परीक्षण संच : शिकवायला चांगला, शिफारशीला अपुरा

नववी-दहावीला कृषी हा व्यवसाय शिक्षणाचा विषय शिकवताना माती परीक्षणाचे प्रकरण फळ्यावरच उरकण्याचा मोह होतो, कारण सामू (pH, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप), सेंद्रिय कर्ब, उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांच्या व्याख्या पाठ झाल्या की गुण मिळून जातात. हे टाळावे म्हणून सांगली जिल्ह्यातील आमच्या शाळेने विद्यार्थ्यांसाठीचा माती परीक्षण संच घेतला. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण रंगतक्त्यावर चालणारे असे संच थोड्याफार फरकाने सारखेच असतात.

पेटीत परीक्षानळ्या, गाळणकागद, ऊर्ध्वपातित पाणी, क्रमांक टाकलेल्या रसायनांच्या बाटल्या, रंगतक्ता आणि माहितीपुस्तिका असे साहित्य आहे. सामू, सेंद्रिय कर्ब, स्फुरद आणि पालाश एवढ्या चाचण्या होतात. नत्राचा अंदाज कर्बावरूनच बांधायचा असतो. बांधणी मजबूत आहे, झाकणे घट्ट बसतात आणि क्रमांकांमुळे विद्यार्थ्यांचा गोंधळ होत नाही.

माहितीपुस्तिका मात्र ‘चमचाभर माती घ्या’ येथून सुरू होते, आणि ती माती कोठून घ्यायची याबद्दल अवाक्षरही काढत नाही. वास्तविक शिकवण्यासारखे निम्मे त्याच प्रश्नात आहे. बांध, उकिरडा, विहीर आणि झाडाखालची जागा सोडून, नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्यायचे, त्यांच्या कडेची माती घमेल्यात गोळा करून सावलीत वाळवायची, ढीग करून त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. आपल्याकडच्या मुलांना शेतकाम नवीन नसते, तरीही एक एकराची माती अर्ध्या किलोवर आणताना कोणत्याही भागावर अन्याय होऊ नये हा विचार त्यांना नवा वाटतो. नमुन्यासाठी आम्ही स्वतंत्र तासिका ठेवल्या, आणि हा संच घेणाऱ्या प्रत्येक शाळेने त्या ठेवाव्यात असे माझे मत आहे.

काळ्या जमिनीत संचाची खरी कसोटी लागते. सामूच्या चाचणीत चिकणमाती तळाशी बसायला तयार नसते, पाणी गढूळ राहते आणि दर्शक द्रवाचा रंग त्यात हरवतो. पेटीतील बेरियम सल्फेटची पांढरी भुकटी त्यासाठीच असते, परंतु पुस्तिकेत ती ‘चिमूटभर’ टाकायला सांगितली आहे, तेवढ्याने आमच्या मातीचे भागत नाही. रंगतक्ताही ट्यूबलाइटखाली वाचू नये. वर्गात एकच नळी दोघांनी वेगवेगळी वाचली आणि व्हरांड्यातील उजेडात नेल्यावर वाद मिटला. स्फुरदाच्या चाचणीतील निळा रंग काही मिनिटांत उठतो आणि नंतर फिका पडू लागतो, त्यामुळे वेळेकडे लक्ष नसलेल्या गटाच्या शेतात स्फुरद ‘मध्यम’ऐवजी ‘कमी’ ठरते. प्रमाणित वेळ का पाळायची, हे सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला तरी मिळाले नसते.

स्फुरदाबाबत एक शंका मात्र विक्रेत्याकडे अवश्य विचारावी. चुनखडीयुक्त, विम्ल (अल्कधर्मी) जमिनीसाठी प्रयोगशाळेत सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण वापरणारी ओल्सेन पद्धत वापरतात; आम्लधर्मी जमिनीसाठी ब्रे पद्धत असते. संचातील द्रावण आम्लधर्मी असेल तर ते कोकणातील जांभ्या मातीला चालेल, पण सौम्य आम्ल टाकताच फसफसणाऱ्या आमच्या मातीत त्याचे बरेचसे बळ चुन्यावरच खर्च होते आणि उत्तर भरवशाचे राहत नाही. पालाशाची चाचणी येथे कंटाळवाणी होते, कारण काळ्या जमिनीत पालाश बहुधा भरपूरच असतो आणि ज्या गढूळपणावरून तो ओळखायचा तो जवळजवळ सर्वांच्या नळ्यांत सारखाच येतो.

सर्वांत मोठी उणीव म्हणजे विद्राव्य क्षारांची चाचणीच नाही. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात क्षारपड (विद्राव्य क्षार साचलेल्या) आणि चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) जमिनींचा प्रश्न घराघरात माहीत आहे. तो विषय वगळून येथल्या मुलांना माती शिकवणे म्हणजे मुख्य पात्राशिवाय नाटक करणे होय. खिशात मावणारा विद्युत वाहकता मापक आम्ही वेगळा घेतला. एक भाग माती आणि अडीच भाग पाणी ढवळून घेतलेले वाचन डेसिसायमन प्रति मीटर या एककात 1 च्या आत असले की सर्वसाधारणपणे काळजी नसते. नदीकडच्या, पाणी साचणाऱ्या वावरातील मातीचा आकडा त्यापुढे गेला, तेव्हा पाटाचे पाणी, निचरा आणि जिप्सम यांवरची चर्चा मुलांनीच सुरू केली. जिप्सम चोपण जमिनीसाठी आणि नुसत्या क्षारपड जमिनीला आधी निचरा, हा भेद त्याच तासाला समजावता आला.

संचासोबत पिकानुसार खतांच्या मात्रांचा तक्ताही येतो. तो आम्ही वर्गात काढत नाही. ‘कमी, मध्यम, जास्त’ अशा तीन खणांत बसवलेल्या उत्तरावरून कोणाच्या वडिलांनी उसाला युरियाची गोणी वाढवावी किंवा घटवावी, हे मला पटत नाही. 2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात आणि त्यांत जस्त, लोह, बोरॉन यांसारखी सूक्ष्म अन्नद्रव्येही येतात. संच त्यांच्या वाटेलाच जात नाही. ज्यांच्या घरी अशी पत्रिका आहे त्या विद्यार्थ्यांना ती आणायला सांगून आपल्या उत्तराशी ताडून पाहायला लावावे. तफावत निघाली तर नमुना कधी घेतला होता, त्यानंतर खत पडले होते का, याची चौकशी आपोआप सुरू होते.

रसायने संपतात तशी जुनीही होतात, विशेषतः स्फुरदाच्या चाचणीतील स्टॅनस क्लोराइड हवेच्या संपर्काने निकामी होते आणि मग निळा रंग उठतच नाही. म्हणून खरेदीच्या वेळी बाटल्यांवरची मुदत पाहावी, रसायनांचा भरणा सुटा मिळतो का हे लेखी घ्यावे, आणि शैक्षणिक वर्षाच्या शेवटी नव्हे तर जूनमध्ये पेटी मागवावी. चश्मे आणि हातमोजे पेटीत नाहीत; ते शाळेने आधीच आणून ठेवावेत.