घरी बनवलेली एअरो शेपटी, 100 सीसी बाइक: मायलेज झकास, बिजागरीने वैताग (वापरानंतरचा अनुभव)

शेपटीच्या झाकणाची बिजागरी परत उपटली म्हणून आज लिहायला बसलोय. बाइकच्या मागे सनपॅक शीटची (आतून पोकळ, हलकी प्लास्टिकची शीट) निमुळती शेपटी लावून पावसाळ्याच्या आधीपासून रोज सातारा-कराड-सातारा हायवेने जातोय. आधी टाकी टू टाकी लिटरला 66 किमी पडायचं, आता 60 च्या स्पीडला 82 च्या आसपास पडतं, पंप तोच, गाडी मेन स्टँडवर, पेट्रोल गळ्यापर्यंत.

स्पीड दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट आणि त्याला लागणारी ताकद आठपट होते हे सगळ्यांना माहितीये, पण लोक पुढे काच लावतात आणि थांबतात. खरं पेट्रोल खातं ते पाठीमागे, तुमच्या पाठीच्या मागे हवा तुटून जो भोवरा होतो तो गाडीला मागे ओढत राहतो. अमेरिकेत क्रेग व्हेटर नावाचा बाइक डिझायनर 1980 ते 85 बाइकच्या मायलेजच्या स्पर्धा घ्यायचा, 85 ला जिंकणारी गाडी 470 एमपीजी (गॅलनला मैल) गेली, म्हणजे लिटरला जवळपास 200 किमी! नाक गोल आणि शेपूट लांब निमुळतं, ही त्या गाड्यांची खरी ताकद. फोक्सवॅगनने 2002 ला लिटरमध्ये शंभर किमी जाणारी कार केली त्यात पण माणसं एकामागे एक बसवली, कारण रुंदी कमी तर हवा कमी कापायला लागते.

आता बिजागरी. डबा ठेवायला शेपटीला वरून झाकण केलंय. फॅब्रिकेशनवाल्याने लोखंडी बिजागरी नुसत्या पॉप रिव्हेटने शीटवर मारली, खाली पट्टी नाही, वॉशर नाही. खड्ड्यांनी रिव्हेट शीट फाडून बाहेर आले आणि झाकण बोटभर उचललं. परत नेली तर म्हणतो "शीट तुमची, आमचं काही नाही." अहो रिव्हेट कुणाचे? पैसे घेऊन परत तसेच मारले आणि ते पण आता निघाले.

बोटभर फटीने काय होतंय असं वाटेल तर ऐका. हवा कशी वाहते ते बघायला शेपटीवर लोकरीचे तुकडे टेपने चिकटवले आणि मित्राने मागून येत व्हिडिओ काढला. बाजूचे तुकडे सगळे मागे ताणून सरळ, पण फटीच्या मागचे गोल गोल फिरत होते, एक तर चक्क पुढे वळलेला. त्या टाकीला 76 पडलं. सहा किलोमीटर एका बिजागरीपायी!

पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर शेपटी लावूच नका म्हणालो असतो. आडवा वारा लागला किंवा ट्रक शेजारून गेला की मागचं टोक ढकललं जायचं, उंब्रजच्या पुढे उघड्यावर तर हात दुखायचे. मग टोकाचा फूटभर भाग सरळ कापून टाकला. जर्मनीच्या वुनिबाल्ड काम नावाच्या इंजिनिअरने 1930 च्या दशकात हेच दाखवलं होतं, बरोबर उतार असेल तर शेपूट अर्ध्यात तोडलं तरी बराचसा फायदा टिकतो. कापल्यावर मायलेजमध्ये फरक जाणवला नाही, गाडी मात्र शांत झाली. आता मी कुणालाही लाव म्हणेन, फक्त उतार दहा-बारा अंशाच्या वर नेऊ नका, हवा शेपटीला चिकटून न राहता सुटते आणि परत भोवरा होतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे (गाडीत मूळ रचनेपेक्षा बदल करायला बंदी) चॅसीला हात लावलेला नाही, सगळं कॅरियरच्या बोल्टवर आहे, नंबर प्लेट, टेललाइट, इंडिकेटर पूर्ण दिसतात. गावात 40 च्या खाली चालवणाऱ्याला याचा काही उपयोग नाही, त्याने टायरची हवा बघावी आणि ब्रेक घासतोय का ते तपासावं.

खर्च साडेचार हजार, महिन्याला साडेसातशेच्या आसपास वाचतात, म्हणजे सहा महिन्यांत वसूल. बिजागरी आता काढूनच टाकणारे, झाकणाला कापडी वेल्क्रो पट्टी आणि आतून ॲल्युमिनियमची पट्टी, रिव्हेटला मोठे वॉशर, आणि हे सगळं घरी स्वतः करणार, त्या दुकानात परत पाय ठेवणार नाही.