एजियन समुद्रातल्या फेऱ्या: धिमी बोट बरी की वेगवान?

आम्ही दोघी बहिणी, मी ५९ आणि ताई ६८. ताईला गाडीत मागच्या सीटवर बसलं तरी मळमळतं, म्हणून मी ग्रीसच्या बेटांमधल्या प्रवासाला शक्य तिथे वेगवान कॅटामरान, म्हणजे जोडसांगाड्याच्या बोटीच, बुक केल्या होत्या. लवकर सुटका होईल, एवढाच विचार. पिरेअस (अथेन्सचं बंदर) ते नाक्सोस बेट या पहिल्या टप्प्याला कॅटामरानची तिकिटं संपली होती, म्हणून नाइलाजाने ब्लू स्टार कंपनीची मोठी, साधी फेरीबोट घेतली. ऑगस्टअखेरची गोष्ट.

अथेन्सच्या विमानतळावरून पिरेअसला २०२२ पासून मेट्रो थेट जाते, तिकीट ९ युरो. सकाळी साडेसातच्या सुमाराची बोट असल्यामुळे आदल्या रात्री बंदराजवळच राहिलो आणि ते बरंच झालं. बंदर अवाढव्य आहे. तिकिटावरचा गेट नंबर आधीच बघून ठेवा. आमचा ई-७, मेट्रो स्टेशनच्या जवळच. पण ऱ्होड्सकडच्या बोटी ई-१ वरून सुटतात आणि ते पार दुसऱ्या टोकाला आहे. बॅगा ओढत तिथवर जायचं म्हणजे जिवाला घोर.

बोटीत शिरायचं ते मागच्या उघड्या तोंडातून, ट्रक आणि गाड्यांच्या बरोबरीने. खाली गराजमध्येच सामानाचे कप्पे असतात, त्यांवर बेटांची नावं लिहिलेली. आपल्या बेटाच्या कप्प्यात बॅग टाकायची आणि सरकत्या जिन्याने वर जायचं. आम्ही सर्वांत स्वस्त तिकीट काढलं होतं, म्हणजे जागा मिळेल तिथे बसा. मी डेकवर वाऱ्याच्या आडोशाची बाकं पकडली. ताईने फ्रेडो एस्प्रेसो ही गार कॉफी आणि तिरोपिता हा चीजचा पफ घेतला. मी उलटीच्या पिशव्या हाताशी धरून बसले आणि ही बाई पाच तास टुणटुणीत!

पारोस बेट जवळ आलं तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी समुद्रातल्या दोन खडकांकडे बघून छातीवर क्रॉस केला. ते पोर्तेस. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री 'एक्स्प्रेस सामिना' ही फेरी त्यांच्यावर आदळून बुडाली आणि ८० हून जास्त माणसं गेली. हे कळल्यापासून वाऱ्यापायी बोट रद्द झाली की मी कुरकुर करत नाही. उन्हाळ्यात इथे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापावर तो साधारण ८ वर गेला की तटरक्षक दल बोटी बंदरातच थांबवतं. या बंदीला ग्रीक लोक 'अपागोरेफ्तिको' म्हणतात आणि चेहरा असा करतात, जणू पाहुणे आणखी दोन दिवस राहणार आहेत.

मला सगळ्यात आवडलं ते उतरणं. बेट यायच्या आधी घोषणा होते आणि सगळे खाली गराजमध्ये जमतात. डिझेलचा वास, अंधार, ट्रक सुरू झालेले. बोट धक्क्याकडे उलटी येत असते आणि चालत्या बोटीचाच मागचा प्रचंड दरवाजा साखळ्यांवरून खाली सरकायला लागतो. आधी उन्हाची एक पट्टी, मग निळं पाणी, मग पांढरी घरं, आणि नाक्सोसला तर अपोलोच्या अपुऱ्या देवळाची ती एकटी संगमरवरी चौकट. रॅम्प धक्क्याला टेकला की खलाशी ओरडतात, माणसं आणि गाड्या एकदमच बाहेर पडतात. दहा-पंधरा मिनिटांत बोट पुढच्या बेटाकडे. गुडघे दुखत असतील तर घोषणेच्या आधीच लिफ्टपाशी जाऊन उभं राहा.

मधे एक दिवस नाक्सोसहून कूफोनिसी या छोट्या बेटाला 'एक्स्प्रेस स्कोपेलितिस'ने गेलो. ही छोटी बोट म्हणजे या बेटांची लाल डब्याची एसटी. वाटेत इराक्लिया, स्किनूसा घेत जाते. भाजीच्या पेट्या, गाद्या, कुत्री, सगळं चढतं. हलते भरपूर. ताई डोळे मिटून स्तोत्र म्हणत होती, पण उतरल्यावर पहिलं वाक्य, "परत हीच बोट आहे ना?"

आता तक्रार. नाक्सोस ते सांतोरिनी मी हौसेने कॅटामरान घेतली होती. (कंपनीचं नाव लिहीत नाही.) भाडं साध्या बोटीच्या जवळपास दुप्पट आणि वाचणार होता जेमतेम अर्धा तास. ती सुटलीच पावणेदोन तास उशिरा. बंदरावरच्या खिडकीत विचारलं तर खांदे उडवले. सुटायला ९० मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर पैसे परत किंवा दुसरी बोट, असा युरोपीय नियम आहे (११७७/२०१०). तो मला तेव्हा माहीत नव्हता. पोचायला तासाभराहून जास्त उशीर झाला म्हणून नंतर भाड्याच्या चौथ्या हिश्शाची भरपाई मागितली, तर उत्तर आलं, खराब हवामान. असेलही. वेगवान बोटींना वाऱ्याची मर्यादा कमी असते. पण मग हे तिकीट विकताना सांगा ना!

आतमध्ये विमानासारख्या खुर्च्या, बाहेर जायला मनाई आणि एसी असा की बॅगेतून शाल काढून पांघरावी लागली. ताईला बोट लागली ती इथेच. सांतोरिनीत शिरताना ज्वालामुखीचे ते ३०० मीटर उंच कडे बघायला जग येतं. आमच्या खिडकीवर मिठाचा पांढरा थर बसला होता. मी आतून रुमालाने पुसत राहिले, मीठ बाहेरून होतं.

परतीचं कॅटामरानचं तिकीट तिथल्याच एजन्सीत रद्द केलं, थोडे पैसे कापले गेले, आणि पिरेअसची धिमी बोट घेतली. आठ तास. परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस अथेन्समध्ये राखून ठेवला होता, त्यामुळे घाई नव्हती. कडे यावेळी डेकवरून पोटभर बघितले. पारोस गेल्यावर ताईने चप्पल काढून पाय समोरच्या बाकावर टाकले.

"अगं, किती राहिलं अजून?"

"चार तास."

"बरं. मग एक कॉफी आण."